झेड-८० बोर्डवर ‘सार्गोन’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘सार्गोन’ या बुद्धिबळाच्या जुन्या संगणक-प्रोग्रामबद्दल लिहायचे बरेच दिवस लांबणीवर पडत होते. आता चिपच्या प्रकरणामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. बोर्ड (उघडा, छोटा संगणक), सीपी/एम (त्यावरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि सिरियल टर्मिनल (त्याला जोडलेला, अक्षरे दाखवणारा पडदा व कीबोर्ड) यांची एवढी ओळख पुरे. सुट्या भागांचा संच आणून जोडलेला, झेड-८० या जुन्या मायक्रोप्रोसेसर चिपवर चालणारा एक साधा बोर्ड माझ्याकडे आहे. डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्याने लिहिलेला आणि १९७८ मध्ये संपूर्ण असेंब्ली लिस्टिंगसह (म्हणजे चिपला द्यायच्या सूचनांच्या ओळींसह) पुस्तकरूपाने आलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम मी त्यावर काही महिने जवळजवळ रोज चालवत आहे. पट दाखवणारा मूळ भाग त्यांच्या स्वतःच्या यंत्राच्या स्क्रीनसाठी लिहिलेला असल्यामुळे तो काढून त्या जागी अक्षरांनी पट छापणारा छोटा भाग बसवला आहे. खेळाच्या विचाराला मात्र कुठेही हात लावलेला नाही.

चिपचा विषय आधी संपवतो. बोर्ड ८ मेगाहर्ट्झवर चालवायचा म्हणून १० मेगाहर्ट्झ छापलेली चिप घेतली होती. अर्ध्या तासात ती तापायची आणि डाव ऐन मध्यावर असताना यंत्र गोठायचे. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर वरची छपाई पुसली गेली आणि खालचे जुने, कमी वेगाचे अक्षरांकन दिसू लागले. झायलॉग कंपनीने मूळ झेड-८० चे उत्पादन थांबवण्याचे २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिपांवर नवे आकडे छापून विकण्याच्या धंद्याला आणखी ऊत आला आहे. यात मूळ उत्पादकाचा काही दोष नाही. परंतु ‘सॉकेटमध्ये एकदा बसवलेली चिप परत घेत नाही’ असे विक्रेत्याने मला सांगितले, तेव्हा चिप सॉकेटमध्ये न बसवता ती खोटी आहे हे ग्राहकाने ओळखायचे कसे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या चिपसाठी पुन्हा पैसे घालणे मला मान्य नव्हते. म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेला २ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (चिपचा वेग ठरवणारा सुटा भाग) बसवला आणि तीच चिप तिला झेपेल त्या वेगाने चालवू लागलो.

या काटकसरीतून मला सार्गोनचा खरा स्वभाव कळला. मार्च १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरला होता आणि त्यात मायक्रोकॉम्प्युटरवर चालणाऱ्या बुद्धिबळ प्रोग्रामांची पहिली स्पर्धा झाली. सार्गोनने पाचपैकी पाचही डाव जिंकून ती स्पर्धा मारली, ती वेव्हमेट कंपनीच्या ज्युपिटर या झेड-८० यंत्रावर, साधारण याच वेगाने. वेग वाढवून मी आधी जे पाहत होतो तो निराळाच प्रोग्राम होता. तेव्हा मी चौथी, पाचवी पातळी (पातळी म्हणजे किती अर्ध्या चाली पुढे पाहायचे; अर्धी चाल म्हणजे एका बाजूची एक खेळी) लावून त्याची तुलना आजच्या फोनमधल्या इंजिनांशी करत असे, आणि पहिल्या काही आठवड्यांत माझे मत ‘ऐतिहासिक वस्तू, खेळायला सामान्य’ असे झाले होते. २ मेगाहर्ट्झवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीने खेळू लागल्यापासून ते मत राहिलेले नाही.

कारण असे की, त्या वेगाला यंत्र दोन-तीन अर्ध्या चालींपलीकडे पाहूच शकत नाही. सहाव्या पातळीपर्यंत निवड करता येते, पण वरच्या पातळ्यांवर एकेका खेळीला इतका वेळ जातो की डाव पुरा होण्याची आशा सोडावी. अशा तोकड्या नजरेच्या यंत्राचा नेहमीचा घात ठरलेला असतो: वजिराने समोरचे प्यादे मारले की हिशेब तिथेच थांबतो, एक गुण मिळाला असे यंत्राला वाटते, आणि पुढच्याच खेळीला वजीर जातो. सार्गोनमध्ये हे घडत नाही, आणि ते प्रोग्राममधल्या ज्या एका छोट्या भागामुळे घडत नाही त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

लिस्टिंगमध्ये त्याचे नाव ‘एक्सचेंग’ असे आहे. शोध शेवटच्या पातळीला पोहोचला की सार्गोन पटावरचा प्रत्येक मोहरा ज्या घरात आहे ते घर घेतो, त्या घरावर पांढऱ्याचे कोणते मोहरे रोखलेले आहेत आणि काळ्याचे कोणते, याच्या याद्या बनवतो, आणि त्या घरावर मारामारी सुरू झाली तर शेवटी कोणाचे किती नुकसान होईल हे एकही खेळी प्रत्यक्ष न खेळता मोजतो. मारताना सर्वांत स्वस्त मोहरा आधी पुढे येतो, मग त्याहून महाग. किमती साध्या आहेत: प्यादे १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९ आणि राजा १०. राजासमोर अडकून पडलेला मोहरा मारामारीत धरायचा की नाही, हेसुद्धा आधी तपासले जाते. यापुढची गोष्ट मला सर्वांत अधिक आवडते. ज्याने नुकतीच खेळी केली त्याच्या बाजूने हिशेब करताना सार्गोन त्याचे सर्वांत मोठे संभाव्य नुकसान धरतो, परंतु त्याच्या फायद्यांपैकी मात्र दुसऱ्या क्रमांकाचाच धरतो, कारण प्रतिस्पर्ध्याची पाळी आहे आणि धोक्यात असलेला सर्वांत महत्त्वाचा मोहरा तो वाचवणारच. बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाच्या मनात चालणारा हा विचार आहे आणि तो अत्यंत थोड्या मेमरीत बसवला आहे. मी लिस्टिंगचा हा भाग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याविषयीचा आदर वाढतो.

मर्यादा अर्थातच आहेत. एका घरावरची मारामारी त्याला बरोबर कळते, पण दोन घरांवरच्या मारामाऱ्या एकमेकींत गुंतल्या, म्हणजे एकच घोडा दोन मोहऱ्यांना राखत असला, की हिशेब चुकतो. असे डाव मी मुद्दाम घडवून आणतो आणि तिथे तो हमखास मोहरा गमावतो.

तुलनेसाठी दुसरे यंत्रही आहे. टोरांटोच्या पीटर जेनिंग्ज यांचा ‘मायक्रोचेस’ १९७६ च्या डिसेंबरमध्ये १० डॉलरला विकला जाऊ लागला आणि केआयएम-१ या छोट्या संगणक-बोर्डाच्या १ किलोबाइट मेमरीत तो मावतो; माझ्याकडे त्या बोर्डाची लहान प्रतिकृती आहे. सार्गोन आणि मायक्रोचेस यांना एकमेकांसमोर बसवायचे तर त्या काळच्या स्पर्धांतील ऑपरेटरांप्रमाणे एका यंत्राची खेळी वाचून दुसऱ्यात स्वतःच्या हाताने भरावी लागते. मायक्रोचेस सहा आकड्यांच्या दिव्यांवर मोहऱ्याचा क्रमांक, निघण्याचे घर आणि पोहोचण्याचे घर दाखवतो, तर सार्गोन ई२-ई४ अशी लेखनपद्धती वापरतो. त्यातच मायक्रोचेसला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) येत नाही, त्यामुळे सार्गोनने कॅसलिंग केले की आधी राजा आणि मग हत्ती अशा दोन चाली पाठोपाठ भरून मगच विचार सुरू करण्याचे बटण दाबावे लागते. हे काम मला जराही कंटाळवाणे वाटत नाही. सार्गोन बहुतेक डाव जिंकतो, पण जो प्रोग्राम १ किलोबाइटमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी मारामारी पाहतो त्याला दुबळा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय त्याच्याच कमाईतून पुढे ‘व्हिसिकॅल्क’ या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटच्या निर्मितीला पैसा मिळाला, हेही विसरता येत नाही.

किमतीचा विचार केला तर सार्गोनइतका सढळ व्यवहार मला दुसरा माहीत नाही. सॅन होजेच्या विजयानंतर स्प्रॅकलेन दांपत्याने १५ डॉलरला छापील लिस्टिंग विकले, म्हणजे जिंकणाऱ्या प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचायला मिळत होती. पुढचा ‘सार्गोन २’ त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये मोठ्या संगणकांच्या स्पर्धेत उतरला आणि ॲमडाल या महाकाय यंत्रावर चालणाऱ्या ‘ऑविट’ला त्याने हरवले. त्यानंतर हे दांपत्य बुद्धिबळाची यंत्रे बनवणाऱ्या फिडेलिटी कंपनीसाठी काम करू लागले, आणि १९८० मध्ये लंडनला झालेली पहिली जागतिक मायक्रोकॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा त्यांच्याच ‘चेस चॅलेंजर’ने जिंकली. १९८१ मध्ये ट्रावेम्युंडे आणि १९८३ मध्ये बुडापेस्ट इथेही त्यांचीच यंत्रे पुढे राहिली. मात्र तोवर प्रोग्राम रॉम चिपांमध्ये बंद झाले होते, ओळी वाचायला मिळत नव्हत्या. उघड्या लिस्टिंगचे दिवस फार थोडे टिकले याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तक्रार, कारण ती लपवणे योग्य नाही. १९७८ च्या या आवृत्तीला शेवटचा खेळ येत नाही. हत्ती आणि राजा विरुद्ध एकटा राजा, इतका जिंकलेला डाव हाती असूनही दोन-तीन अर्ध्या चालींत मात दिसत नाही, आणि स्वतःचा राजा घेऊन समोरच्याला कडेला रेटावे असे सांगणारा कोणताही हिशेब त्यात नाही. त्यामुळे हत्ती पटभर निरुद्देश फिरत राहतो. प्याद्याची बढती नेहमी वजिरातच होते. सलामीचा साठाही नावापुरता आहे: पांढऱ्याने पहिली खेळी ई४ किंवा डी४, काळ्याने ई५ किंवा डी५, आणि तिथून पुढे यंत्राला सर्व काही स्वतःच शोधावे लागते. सलामीबद्दल माझी हरकत नाही, उलट त्यामुळे डाव दुसऱ्याच खेळीपासून त्याचा स्वतःचा होतो. शेवटच्या खेळाचा मात्र त्रास होतो, विशेषतः सुरेख मध्यडावानंतर. त्या काळच्या स्पर्धांत अपुऱ्या राहिलेल्या डावांचा निकाल पंच स्थिती पाहून देत असत, आणि सार्गोनकडे एक हत्ती जास्त आहे व प्यादी संपली आहेत अशी वेळ आली की मीही तसाच निकाल लिहून डाव थांबवतो.

बोर्ड नव्याने जोडणाऱ्यांना एवढेच सांगेन की ऑसिलेटर सॉकेटमध्येच बसवा, सोल्डर करू नका. २ आणि ४ मेगाहर्ट्झचे दोन्ही जवळ ठेवा. आणि चिप घेताना बिलावर तिचा वेग लिहून घ्या.