ड्रॅगुनोव्ह, .338 की .50 : पायदळासाठी स्नायपर रायफल निवडताना

पायदळाच्या पलटणीला कोणती स्नायपर रायफल द्यावी, ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा रायफलींच्या नावांभोवतीच घुटमळते. वास्तविक आधी काडतूस ठरवावे आणि मग रायफल, कारण पल्ला, वजन, खर्च आणि पुरवठा या चारही गोष्टी काडतुसाबरोबरच ठरून जातात.

येव्हगेनी ड्रॅगुनोव्ह यांची रायफल सोव्हिएत लष्कराने 1963 मध्ये स्वीकारली आणि भारतीय लष्करातही ती दीर्घकाळ वापरात आहे. तिचे 7.62×54 आर हे काडतूस त्याहून कितीतरी जुने, म्हणजे 1891 च्या मोसिन-नागां या रशियन रायफलीबरोबर आलेले आहे. 1939-40 च्या सोव्हिएत-फिनलंड हिवाळी युद्धात फिनलंडचा स्नायपर सिमो हायहाने दुर्बीण न लावता जी रायफल चालवली, तिचे काडतूसही याच घराण्यातले. ड्रॅगुनोव्हमागची सोव्हिएत कल्पना साधी होती: तुकडीबरोबर चालणारा, सहाशे-आठशे मीटरपर्यंत मारा करणारा आणि पहिली गोळी चुकलीच तर बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) हाताने न ओढता लगेच दुसरी झाडू शकणारा नेमबाज. तिच्या पीएसओ-1 दुर्बिणीतून पाहिले की डाव्या बाजूला खाली एक वक्ररेषा आणि तिच्यावर 2, 4, 6, 8, 10 असे आकडे दिसतात. 1.7 मीटर उंचीचा माणूस खालची आडवी रेषा आणि ही वक्ररेषा यांच्यामध्ये जिथे नेमका बसेल, तिथला आकडा म्हणजे शेकडा मीटरमधले अंतर. बॅटरीवर चालणाऱ्या अंतरमापकाच्या काळातही ही युक्ती मला कौतुकाची वाटते.

ड्रॅगुनोव्हच्या अचूकतेविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा खरे तर काडतुसाच्या आहेत. हेच काडतूस मशीनगनमध्येही चालते, त्यामुळे पुरवठा सोपा होतो. मात्र मशीनगनसाठी घाऊक प्रमाणात बनलेली गोळी स्नायपरच्या नळीतून सोडली की गोळ्यांचा पुंजका पसरणारच. सोव्हिएत संघाने म्हणूनच 1967 च्या सुमारास 7एन1 हे खास स्नायपरचे काडतूस काढले. रायफलीचा स्वतःचा दोष वेगळा आहे. ती रिकामी पुंगळी आपोआप जोराने बाहेर फेकते, आणि लपून बसलेल्या माणसाला ही हालचाल महागात पडू शकते.

.338 लापुआ मॅग्नम या काडतुसाचे गणित निराळे आहे (.338 किंवा .50 हा आकडा म्हणजे गोळीचा इंचातला व्यास). 7एन1 ची गोळी सुमारे 9.8 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 830 मीटरच्या आसपास; .338 ची नेहमीची गोळी 16.2 ग्रॅमची आणि वेग सुमारे 900 मीटर, म्हणजे ऊर्जा जवळपास दुप्पट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लांबट, जड गोळी आपला वेग टिकवते आणि वाऱ्याने कमी ढळते. डोंगरात, जिथे समोरच्या उतारावरचे ठाणे हजार-बाराशे मीटरवर असते आणि मधल्या दरीत वारा दोनदा दिशा बदलतो, तिथे हा फरक निर्णायक ठरतो. 2009 मध्ये हेल्मंड प्रांतात ब्रिटिश सैनिक क्रेग हॅरिसनने याच काडतुसाने 2,475 मीटरवर नेम साधला, पण विक्रमावरून खरेदी ठरवू नये. बाराशे ते पंधराशे मीटर हाच व्यवहारातला पल्ला धरावा. रायफल हाताने बोल्ट ओढायची, म्हणजे पुंगळी नेमबाजाच्या मर्जीनेच बाहेर येते. वजन मात्र वाढते आणि काडतूस चांगलेच महाग पडते.

.50 ब्राउनिंग या स्पर्धेत ओढून आणल्यासारखे वाटते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते मशीनगनसाठी आखले गेले. बॅरेट एम95 सारखी रायफल दहा किलोंच्या वर जाते आणि रडार, उभे वाहन, बंकरची भिंत ही तिची खरी लक्ष्ये आहेत. तिरुचिरापल्लीची ‘विध्वंसक’ रायफलही वेगळ्या काडतुसांवर असली तरी याच जातीची आहे. पलटणीत अशा मोजक्या रायफली असाव्यात. प्रत्येक स्नायपरच्या खांद्यावर ती देणे व्यर्थ आहे.

भारतीय लष्कराने 2019 मध्ये उत्तर विभागासाठी .338 मधली बेरेटा स्कॉर्पिओ टीजीटी आणि .50 मधली बॅरेट एम95 थोड्या संख्येने घेतली. पुढे नियंत्रण रेषेवर फिनलंडची साको टीआरजी-42 आली. मोठी खरेदी मात्र अडली. 5,719 रायफलींची निविदा 2019 मध्येच मागे घेतली गेली. तिच्यात काडतुसांचीही मागणी होती आणि विक्रेत्यांना अटी पुऱ्या करता आल्या नाहीत. बंगळूरच्या एसएसएस डिफेन्सने .338 ची ‘सेबर’ रायफल देशातच बनवली आहे, तेव्हा रायफलीचा प्रश्न बराचसा सुटला म्हणावा. आता स्नायपरच्या दर्जाचे काडतूसही सातत्याने देशात बनले पाहिजे. त्यासाठी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी दारूगोळा कंपनीकडे, आणि तिच्याकडच्या खडकी व वरणगावसारख्या जुन्या कारखान्यांकडे बघावे लागेल.

माझे मत असे की उंच डोंगरी ठाण्यांना .338 द्यावी, मैदानी व शहरी भागातल्या तुकड्यांना नवी दुर्बीण लावलेली ड्रॅगुनोव्ह पुरेशी आहे, मात्र तिला स्नायपरचेच काडतूस मिळावे. अमेरिकेने बॅरेटच्या एमके22 च्या रूपाने तिसरा मार्ग काढला आहे, जिथे नळी बदलून एकच रायफल तीन काडतुसे चालवते. कल्पना मोहक आहे. पण ज्यांना एका काडतुसाचा पुरवठा अजून नीट लावता आलेला नाही, त्यांनी तीन काडतुसांचे कोठार मागून घेण्याची घाई करू नये.