गल्लीतलं घर की बाजारातला मजला?

होलिस्टिक लर्निंग सेंटर, म्हणजे ताल, खेळ, माती-पाणी यांतून शिकवणारं केंद्र, नव्या वस्तीत हलवायचं ठरलं की बरीच पायपीट होते आणि शेवटी हातात दोन तऱ्हेच्या जागा उरतात. एक म्हणजे आतल्या गल्लीतलं जुनं घर. पुढे जरासं अंगण, चार लहान खोल्या, भिंतीचे पोपडे निघालेले. दुसरी म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या इमारतीतला दुसरा मजला. एकच ऐसपैस हॉल, लिफ्ट, खाली ऑफिसं, आणि लांबून दिसेल अशी पाटी लावायची सोय. मी दोन्हीकडे काम केलंय, मजल्यावरून घरात हलले आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

आवाजापासून सुरू करते, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात. आपल्याकडची मुलं बाकावर बसून शिकत नाहीत. ताल धरतात, उड्या मारतात, लाकडी ठोकळ्यांचे मनोरे धडाधड पाडतात. हॉलमध्ये पहिल्याच आठवड्यात डफाचा तास चालू असताना खालच्या ऑफिसातले एक गृहस्थ चालू फोन हातात घेऊन वर आले. तोंडातून शब्द नाही. फोन फक्त आमच्याकडे धरला, म्हणजे आपण का ओरडतोय ते पलीकडच्याला कळावं! आम्ही जाड रबरी चटया घातल्या. पण उडीचा धप्प आवाज स्लॅबमधून खाली उतरतो. चटईने तो कमी होतो, जात नाही. शेवटी तो तास ऑफिस सुटल्यावर न्यावा लागला, आणि तोवर लहान मुलं पेंगायला लागलेली असायची.

हॉलची दुसरी खोड म्हणजे घुमणं. जागा बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ घुमते ते ऐका. वर्गात आवाज साधारण ०.६ सेकंदात विरावा आणि आसपासचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. काच, फरशी आणि कोऱ्या भिंतींचा रिकामा हॉल तिथे बहुधा नापास होतो. जाड पडदे, पुस्तकांनी भरलेली कपाटं, कापडी बोर्ड यांनी बरंच सुधारतं, पण तो खर्च आधीच धरायला हवा. घरातल्या लहान खोल्यांत हे दुखणं फारसं नाही. मात्र गल्ली शांत, म्हणून आपलाच आवाज जास्त लागतो.

मोकळा हॉल बघून हुरळून जायला होतं. तो फसवा आहे. चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल एकाच वेळी येणार असेल तर कोपरे लागतात, दार लोटून घेता येईल अशी एक खोली लागते, माती-पाण्याला जागा लागते. घरात हे आयतं मिळतं. हॉलमध्ये पार्टिशन घालून उभं करावं लागतं.

शिवाय जुनी उदाहरणंही गल्लीच्याच बाजूने बोलतात. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो भागात कामगारांच्या चाळवजा इमारतीतच उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं जिने-भिंती खराब करत, म्हणून इमारतवाल्यांनाच ते हवं होतं! आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला मुलं बालवाडीकडे येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. वस्तीची अडचण आपल्या कामाने सुटत असेल तर वस्ती आपल्याला सामावून घेते. बाजारातल्या मजल्याला अशी वस्तीच नसते, संध्याकाळी कुलपं लागतात.

घराचे तोटेही लहान नाहीत. भाडं कमी वाटतं, पण वायरिंग आणि ओल त्याची भरपाई करून घेतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय भिंती कोरड्या खरवडू नका, ती धूळ मुलांच्या पोटात जाते. राहत्या घरात वर्ग चालवायला परवानगी आहे का, हे भाडेकरारात लेखी हवं. सगळ्यात मोठी कटकट मात्र सुटायच्या वेळेची. दहा गाड्या एकदम गल्लीत शिरल्या की डफ परवडला. आम्ही तुकड्या पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडतो आणि गाड्या कोपऱ्यावरच थांबवतो. पालक पहिले काही दिवस कुरकुरले.

मजला कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे मोठी मुलं आणि प्रौढच जास्त येतात, वर्ग संध्याकाळचे किंवा सुट्टीचे आहेत, त्यांनी खुशाल घ्यावा. लिफ्ट आहे, बस जवळ आहे, पाटी बघून चौकशीला माणसं येतात. फक्त जिना एकच असेल तर पुढचं काही बघूच नका. वीस मुलं, त्यातल्या एकाची सुटलेली लेस आणि अरुंद वळण, हे एकदा पाहिलं की पुरतं. आठ वर्षांखालची मुलं रोज येणार असतील तर मी डोळे झाकून घर म्हणेन.

सही करण्याआधी कामाच्या दिवशी, सुटायच्या वेळेला तिथे अर्धा तास उभं राहून या. येताना शेजारची तीन दारं वाजवा आणि आपण काय करणार आहोत ते डफासकट सांगा.