‘कल जुम्मा है’ : ताजमहालाच्या फाटकाशी आम्ही कसे फसलो

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे ८५५० रुपये आग्र्यात गेले. सोयाबीनच्या भावात मोजले तर जवळपास दोन क्विंटल. पण पैशापेक्षा मोठं नुकसान आत्याबाईंचं झालं. ज्यासाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या, तेच त्यांना पाहायला मिळालं नाही. आपल्याकडची बरीच माणसं सोयाबीन विकून झालं की मथुरा-आग्र्याकडे निघतात, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते.

आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर बऱ्हाणपूरकडचं, तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बाजूला. मुमताज १६३१ साली बऱ्हाणपूरलाच वारली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी तिथंच जैनाबादला पुरलं होतं आणि सहा महिन्यांनी तिथून काढून आग्र्याला नेलं. त्या जागेला आहूखाना म्हणतात. आत्याबाई लहानपणी त्या पडक्या भिंतींजवळ खेळल्या आहेत. ‘इथून नेली ते कुठं ठेवली, ते एकदा पाह्याचं हाय,’ हे त्या माझ्या लग्नापासून म्हणत आल्या. या वर्षी सोयाबीनचा चुकारा वेळेवर आला, कापसाची पहिली वेचणी झाली आणि भाऊबीज उरकून आम्ही पाच जण निघालो. मी, हे, आत्याबाई, आठवीतली मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. बऱ्हाणपूरला गाडीत बसलो आणि भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत गुरुवारी सकाळी आग्रा कॅन्टला उतरलो. परतीचं आरक्षण शुक्रवारी रात्रीचं होतं.

स्टेशनाबाहेर ऑटोवाला भेटला, बोलायला फार गोड. आमच्या बोलण्यावरून त्यानं महाराष्ट्र ओळखला. वाटेत म्हणाला, ‘आज ही देख लो, कल जुम्मा है, ताज बंद.’ हे खरं आहे. ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. आम्ही निघण्याआधी वार पाहिला नव्हता, ही आमची पहिली चूक. त्याच्यापुढं तो म्हणाला, ‘सुट्टीची गर्दी आहे, साध्या रांगेत चार तास लागतील, अम्मा उभ्या राहू शकणार नाहीत. माझा भाऊ सरकारी गाईड आहे.’

आता मागं वळून पाहते तेव्हा एकच गोष्ट लख्ख दिसते. त्यानं आम्हाला आधी ताजमहाल विकला नाही, आधी गर्दीची भीती विकली. आम्ही पोळ्याच्या गर्दीतली माणसं, शेगावला तासन् तास दर्शनाच्या रांगेत उभी राहणारी, तरी परक्या गावात ‘तुम्हाला एकट्यानं जमणार नाही’ असं कोणी म्हटलं की मनात धस्स होतं. सोबत म्हातारं माणूस असलं तर जास्तच.

तो ‘भाऊ’ हॉटेलच्या दारातच उभा होता. गळ्यात निळी फीत, तिला प्लास्टिकमधलं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात ‘गाईड’ आणि फोटो. आम्ही कार्ड बघितलं, पण वाचलं नाही. पुढं कळलं की खऱ्या परवानाधारक गाईडच्या ओळखपत्रावर ते कोणी दिलं ते लिहिलेलं असतं (पर्यटन मंत्रालय, राज्याचं पर्यटन खातं किंवा पुरातत्त्व खातं), परवान्याचा क्रमांक असतो आणि ते कधीपर्यंत चालतं ती तारीख असते. याच्या कार्डावर यातलं एकही नव्हतं.

गाईडचे म्हणून त्यानं ५०० सांगितले, ‘सरकारी रेट’. यांनी दिले. मग तिकिटाचं बोलला. माणशी ६००, त्यात रांग न लावता आत आणि वर घुमटाखाली कबरीपर्यंत. पाच जणांचे ३०००. मी बचत गटाचा हिशेब लिहिते, त्यामुळे पावती मागायची सवय आहे. विचारलं तर म्हणाला, ‘तिकिट ही रसीद है, भाभीजी.’ यांनी फोनवरून पैसे टाकले, त्यानं दाखवलेल्या एका पानटपरीच्या क्यूआरवर.

खरा दर सांगते, कारण इथंच सगळे फसतात. भारतीय माणसाला ताजमहालाच्या आवारात जायला ५० रुपये लागतात. मुख्य कबरीच्या इमारतीत जायचं असेल तर आणखी २००. म्हणजे माणशी २५०. आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. आमची मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. म्हणजे आमच्या सगळ्या घराचं, कबरीसकट, ७५० रुपयांत झालं असतं.

तिकिटं आणतो म्हणून तो गेला आणि तोवर ‘गर्दी उतरेपर्यंत’ ऑटोवाल्यानं आम्हाला संगमरवराच्या दुकानात नेऊन बसवलं. चहा दिला, मुलांना थंड दिलं. एक कारागीर चाकावर रंगीत दगडाचे तुकडे घासत होता, तो म्हणाला, आम्ही ताज बांधणाऱ्यांच्या वंशातले. पच्चीकारीचं काम खरोखर सुंदर असतं, दगडात खाचा कोरून त्यात अकीक नि लाजवर्द असे दगड बसवतात. ते पाहताना माणूस भारावतो आणि ते त्यांना ठाऊक असतं. नऊ हजारांची दागिन्यांची डबी उतरत उतरत ४८०० वर आली. वर पेला धरून आतून उजेड दाखवला, ‘मकराना है, असली,’ म्हणजे ताजला लावलेलाच राजस्थानातला संगमरवर. दुसरा माणूस दाराशी उभा होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण एवढा चहापाणी झाल्यावर तसंच उठायचं कसं, या भिडेपोटी आम्ही घेतली. बिलाच्या जागी कच्च्या चिठ्ठीवर रक्कम आणि खाली शिक्का, माल परत घेतला जाणार नाही.

घरी आल्यावर मुलानं त्या डबीच्या तळाला नख मारलं तर पांढरी भुकटी निघाली. संगमरवरावर नखानं ओरखडा उठत नाही. तो मऊ शिरगोळ्यासारखा दगड होता. ही परीक्षा दुकानात एका क्षणात करता आली असती.

दुकानात दीड तास मोडला. तो गाईड परत आला तेव्हा दोन वाजून गेले होते. बुटावर चढवायच्या कापडी पिशव्या त्यानं ५० रुपयांना एक अशा पाच दिल्या, २५० रुपये. फाटकापाशी त्याच दहा रुपयांना मिळत होत्या.

ताजच्या आसपास अर्ध्या किलोमीटरपर्यंत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सोडत नाहीत, तिथून पायी किंवा बॅटरीच्या गाडीनं जावं लागतं. चालता चालता तो इतिहास सांगत होता. मुमताज आग्र्याच्या किल्ल्यात वारली म्हणाला. मुलगी चटकन बोलली, ‘काका, ती बऱ्हाणपूरला वारली. आमच्या आजीच्या गावाजवळ.’ तो हसला नि म्हणाला, ‘बेटी, किताबों में गलत लिखा है.’ आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना हिंदी चांगली समजते. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. जो माणूस आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला चूक म्हणतो, त्याच्या हातात आपण आपली म्हातारी दिली होती.

पूर्वेच्या फाटकाशी त्यानं तिकिटं हातात कोंबली. म्हणाला, ‘मी इथंपर्यंतच, आत लाल टोपीवाला माझा माणूस भेटेल,’ आणि गर्दीत गेला तो गेलाच. रांग न लावता वगैरे काही नव्हतं. शिपायानं सरळ मागं पाठवलं, बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. तपासणीत आत्याबाईंची तंबाखूची पुडी गेली, आमची शिदोरीही गेली, कारण आत तंबाखू नि खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत. हे आम्हाला आधी सांगणं हे गाईडचं पहिलं काम होतं.

आत गेल्यावर मात्र खरंच, काय सांगू. लाल दगडाच्या दरवाज्यातून तो पांढरा घुमट पहिल्यांदा समोर येतो तेव्हा पोरंसुद्धा गप्प झाली. आत्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला. लाल टोपीवाला कोणी नव्हता, पण आम्ही म्हटलं, आपलं आपण पाहू. हळूहळू चौथऱ्याच्या पायऱ्यांशी पोहोचलो. तिथल्या शिपायानं तिकिटं पाहिली आणि म्हणाला, ‘ये पचास वाला है. ऊपर का नहीं है.’

तीन तिकिटं होती, ५० रुपयांची. त्यानं आमच्या ३००० मधले १५० खर्च केले होते.

हे शिपायाशी खूप बोलले. त्याचं तरी काय चुकलं? परत फाटकाशी जाऊन वरचं तिकीट आणावं तर पुन्हा तीच रांग, बाहेर गेलं की याच तिकिटावर आत येता येत नाही, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सगळं बंद होतं. घड्याळात सव्वाचार होऊन गेले होते. आत्याबाई पायरीजवळच्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. ‘जाऊ दे व माय,’ म्हणाल्या, ‘तिले नेलं कुठं ते तं समजलं.’ आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पर्यटन पोलिसांकडे गेलो. तिथले जमादार चांगले बोलले, पण त्यांनी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर आमच्याकडं धड नव्हतं. गाईडचा फोटो? नाही. परवाना क्रमांक? नाही. ऑटोचा नंबर? शेवटचे दोन आकडे. पैसे कोणाच्या खात्यावर? पानटपरीच्या. अर्ज लिहून दिला, त्याची प्रत घेतली. अजून काही कळवलेलं नाही. त्यांनीच सांगितलं की असल्या दलालांना आग्र्यात ‘लपके’ म्हणतात. ऑटो, हॉटेलचं दार, दुकान अशी साखळी असते आणि गिऱ्हाइकानं दुकानात काही घेतलं की त्यातला वाटा प्रत्येकाला जातो. म्हणूनच गाईड ५०० मध्ये परवडतो. त्याची खरी मजुरी दुकानदार देतो, आणि ती आपल्याच पिशवीतून.

शुक्रवारी फत्तेपूर सिक्रीला गेलो, आग्र्यापासून साधारण ३७ किलोमीटर. या वेळी आम्ही कोणालाही सोबत घेतलं नाही. तिथं दोन भाग आहेत हे लक्षात ठेवा. अकबराच्या महालांना तिकीट आहे. पण बुलंद दरवाजा, जामा मशीद आणि सलीम चिश्तींचा दर्गा या भागाला तिकीटच नाही. तरी पार्किंगपासूनच पोरं मागं लागतात. एक म्हणाला, मी दर्ग्याच्या खानदानातला. दुसरा म्हणाला, मी गाईड नाही, विद्यार्थी आहे, पैसे नकोत. तो शेवटी चादरीच्या दुकानापाशीच नेऊन उभा करतो. चादर चढवा, गरीब मुलींच्या लग्नाला कापड जातं, असं सांगतात. मी अंगणात सावलीला बसून अर्धा तास नीट पाहिलं. एकाच हिरव्या काठाची चादर एका कुटुंबानं वाहिली, आणि थोड्या वेळानं दुकानाचा पोरगा घडी घालून ती परत दुकानाकडं घेऊन गेला. दर्ग्यात बसलेल्या माणसांनी आमच्याकडं काहीही मागितलं नाही. जाळीला धागा बांधून आत्याबाईंनी हात जोडले आणि आम्ही निघालो.

बाहेर पायऱ्यांवर कानावर आलं, ‘बापा, एकवीसशे?’ अमरावतीकडचं एक जोडपं होतं, सोबत लेकरू. हे पुढं झाले नि वऱ्हाडीतच म्हणाले, ‘भाऊ, देऊ नका. आमचे काल साडेआठ हजार गेले.’ तो चादरवाला आमच्यावर धावून आला, फार घाण बोलला. लेकराच्या बापाचा हात खिशात होता, तो त्यानं बाहेर काढला, रिकामा. आदल्या दिवशी ताजच्या फाटकाशी असं आपल्या बोलीतलं कोणी आम्हाला भेटलं असतं, तर! हे लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

जाणाऱ्यांनी तिकीट स्वतःच काढावं. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मोबाईलवरून निघतं, फाटकाशी क्यूआर लावलेले असतात, खिडकीही आहे. ताजचं काढताना ‘मुख्य मकबरा’ निवडला का ते पाहा. गाईड हवाच असेल तर जरूर घ्या, चांगला गाईड असला की दगड बोलू लागतो, पण तो फाटकाशी घ्या, स्टेशनावर नाही. ओळखपत्र वाचा आणि त्याच्यासमोरच फोटो काढा. खरा असेल तो रागावणार नाही. किती पैसे, किती वेळ, आणि एकही दुकान नाही, हे आधी बोलून घ्या. तो आत शेवटपर्यंत सोबत येणार का, हे विचारा, कारण बनावट माणूस फाटकाच्या आत येत नाही. अडलं तर पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, हिंदीतून बोलता येतं. आम्हाला तो तेव्हा माहीत नव्हता.

आमच्या गटातल्या सहा जणी जानेवारीत मथुरा-वृंदावन करून आग्र्याला जाणार आहेत. परवाच्या बैठकीत मी सगळा हिशेब वाचून दाखवला आणि त्यांची तिकिटं माझ्या मोबाईलवरून काढून द्यायचं ठरलं. आत्याबाई मागं बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘माह्यं बी काढजो.’ म्हणजे सात जणी, २५० प्रमाणे १७५० रुपये. वार मंगळवार.