पहिली परदेश ट्रिप: आल्प्स की उत्तर स्पेन? उघड्या टपाच्या किट-कारवाल्यांसाठी

गेल्या दोन महिन्यांत तीन ओळखीच्या जोडप्यांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी, कुणी सेकंडहँड कॅटरहॅम म्हणजे छोटी दोन सीटची उघडी गाडी घेतलीय, कुणी वेस्टफील्डसारखी गाडी स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे घालवून जोडलीय, आणि आता सहा-आठ गाड्यांचा ग्रुप करून युरोपात जायचंय. कुठं जायचं? सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं आल्प्स. मी आणि नवरा दोन्हीकडे जाऊन आलोय, एकदा फ्रेंच आल्प्स आणि एकदा उत्तर स्पेनमधले पिकोस दे युरोपाचे डोंगर, दोन्ही वेळा आमच्या घरी जोडलेल्या गाडीतून, निम्मं अंतर त्यानं चालवली निम्मं मी. माझं स्पष्ट मत आहे की पहिली ट्रिप स्पेनची करा. आल्प्स कमी सुंदर आहे म्हणून नाही, अजिबातच नाही. आल्प्सला पोचेपर्यंत जे होतं त्यामुळे.

आधी गाडी काय आहे ते ध्यानात घ्या. ही जातच मुळात लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हनची, १९५७ सालची, पुढे १९७३ पासून तीच गाडी कॅटरहॅमनं चालू ठेवली. त्या काळी सुटे भाग विकत घेऊन घरी जोडली की खरेदीवरचा टॅक्स वाचायचा म्हणून किट. वजन कसंबसं पाचशे-सहाशे किलो, दार म्हणजे बटणांनी लावायचा कापडी पडदा, डिकी म्हणजे मागच्या चाकांच्या मधली एक पेटी, ज्यात दोघांचे कपडे, रेनकोट आणि पान्ह्यांची पिशवी एवढंच बसतं. घाटात ही गाडी म्हणजे स्वर्ग आहे. मोटरवेवर सहा तास ही गाडी म्हणजे शिक्षा आहे, वारा, आवाज, शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक बरोब्बर तुमच्या कानाच्या उंचीवर.

आता अंतरं बघा. आल्प्ससाठी फोकस्टनहून गाडी ट्रेनवर चढवायची, ३५ मिनिटांत फ्रान्समधलं कॅले, इथपर्यंत मस्त. पण रूट दे ग्रांद आल्पची, म्हणजे आल्प्सच्या उंच घाटांना जोडणाऱ्या रस्त्याची, सुरुवात होते जिनिव्हा सरोवराच्या काठी, थोनोंला, म्हणजे कॅलेपासून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. मग घाटांचा खरा रस्ता साधारण ७०० किलोमीटर, थेट भूमध्य समुद्रापर्यंत. आणि नीसहून परत कॅले म्हणजे आणखी बाराशे. पावणेतीन हजार किलोमीटरमधले सातशे मजेचे. आम्ही पहिल्या दिवशी रँसपर्यंत गेलो आणि पूर्ण रस्ता पाऊस, टप लावलं तरी गुडघ्यावर पाणी ठिबकतच होतं, आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं संध्याकाळी बूट काढले तर त्यातून अक्षरशः पाणी ओतलं. (रँसला जाणारच असाल तर गावाबाहेर ग्यूला जुन्या रेसिंग सर्किटचे पिट आणि स्टँड रस्त्याच्या कडेला अजून उभे आहेत, तिथं सगळ्या गाड्या ओळीनं लावून फोटो काढा, तेवढ्यासाठी सुद्धा वाट वाकडी करावी.)

स्पेनला बोट. प्लिमथहून स्पेनचं सांतांदेर बंदर वीसेक तास, पोर्ट्समथहून त्याहून बरीच जास्त. तिकीट बघून पोटात गोळा येतो हे खरंय, पण आल्प्सचे जाता-येताचे मुक्काम, टोल आणि पेट्रोल शेजारी मांडा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. आणि बोटीतून उतरलात की पिकोसमधलं पोटेस गाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्यातलाही शेवटचा तुकडा ला एर्मिदाच्या खिंडीतून.

त्या खिंडीबद्दल थोडं जास्त सांगते. वीसेक किलोमीटर रस्ता देवा नदीला चिकटून जातो, दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती. बंद गाडीत असलात तर तुम्हाला फक्त समोरचं वळण दिसणार. आमच्या गाडीत मी मान मागे टाकली आणि वर आभाळाची एक चिंधी, त्यात गिधाडं फिरतायत, आणि पुढच्या पाच गाड्यांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतोय. नदीजवळ रस्ता खाली उतरला की पायाला गारवा लागतो, जरा वर आला की ऊन लागतं, दोन मिनिटांनी पुन्हा गारवा. ताम्हिणीतून पावसाळ्यानंतर बाइकवर गेलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. उघडी गाडी घेतली ती याच्यासाठी ना?

पोटेसहून आमची आवडती फेरी म्हणजे सॅन ग्लोरिओचा घाट चढून रिआन्यो, तिथून पाँतोनचा घाट उतरून बेयोसच्या खिंडीतून कांगास दे ओनीस, मग काब्रालेसकडून परत. दोनशे किलोमीटरच्या वर होतं, आख्खा दिवस धरा. सॅन ग्लोरिओचा माथा १६०९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जरासा कमी. रिआन्योला धरणाचं प्रचंड पाणी आहे, जुनं गाव १९८७ मध्ये त्याच्याखाली गेलं, माझं माहेर कोयनेकडचं त्यामुळे मला तिथं थांबल्याशिवाय पुढं जाववलं नाही. रस्ता गुळगुळीत, गर्दी नाही, गायी मात्र वळणावर मध्येच उभ्या असतात, पुढच्या गाडीनं हात वर केला की सगळ्यांनी हळू व्हायचं हे आधीच ठरवून ठेवा.

आल्प्सचं मोठेपण वेगळं, ते मान्यच. इझरान २७६४ मीटर, आल्प्समधला सगळ्यात उंच डांबरी घाट. गालिबिए २६४२. जूनमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि तुम्ही टप काढून त्यांच्या मधून जाताय, हात बाहेर काढला तर बर्फाला लागेल, हे आयुष्यात एकदा तरी करावंच. पण तिथं गाडीची परीक्षा होते. त्या उंचीवर हवा विरळ, साध्या इंजिनाची जवळजवळ पाव ताकद गेलेली असते, आणि जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, मग काळा धूर आणि थांबलं की बंद पडणं. फ्युएल इंजेक्शनवाल्यांना एवढा त्रास नाही.

आमच्या ग्रुपमध्ये गालिबिएच्या चढावर एका गाडीचा रेडिएटरचा पंखा बंद पडला. काटा लालकडे जायला लागला तसा त्यानं हीटर फुल केला, कारण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो, आणि तसाच हळूहळू पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत आला. बॉनेट काढलं, पंख्याचा फ्यूज उडालेला, जादा फ्यूज कुणाकडेच नाही. शेवटी हॉर्नचा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा निघाला, तो काढून पंख्याला लावला आणि दिवसभर तो बिनहॉर्नचा चालला. एक तास गेला, पण खांद्यापर्यंत बर्फ आणि खाली गुडघ्यांना हीटरची झळ असा तो तास होता. हेच स्पेनमध्ये झालं असतं तर खाली गावात अर्ध्या तासात पोचलो असतो. फ्यूज, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल, थोडी तार, पाइप आवळायच्या जुबली क्लिपा, एवढं ग्रुपमध्ये कुणातरी एकाकडे असलंच पाहिजे.

सीझनचाही मोठा फरक आहे. उंच घाट साधारण जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरात बंद होतात, जुलैमध्ये टूर द फ्रान्सची सायकल रेस ज्या दिवशी जाते त्या दिवशी रस्ता बंद, आणि एरवीही सायकलवाले आणि मोटरसायकलवाले भरपूर. पिकोसला मे पासून ऑक्टोबरपर्यंत कधीही जा, पाऊस मात्र तिथं कधीही येतो, तो भाग हिरवा आहे तो उगाच नाही.

व्हिसा. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी हे आधी वाचा, कारण पूर्ण ग्रुपच्या तारखा तुमच्यावर अडतात. शेंगेन व्हिसा लागतो, आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. स्पेनची ट्रिप असेल तर सगळे दिवस एकाच देशात, अर्ज सरळ. आल्प्समध्ये ग्रुपचा लीडर आयत्या वेळी म्हणतो, चला स्वित्झर्लंडमधून फुर्काचा घाटही करू, इटलीत स्टेल्विओचा घाटही करू, त्याची ४८ वळणं आहेत, आणि मग हॉटेलं बदलतात आणि तुमच्या अर्जातलं सगळं गणित चुकतं. शिवाय परतीच्या तारखेनंतर दोन-चार दिवस जास्तीचे मिळतील असं बघा, समुद्र खवळला की बोट पुढे ढकलली जाते.

शेजारी बसणाऱ्याचा विचार कुणी करत नाही म्हणून सांगते. आपली स्टिअरिंग उजवीकडे, तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून. म्हणजे टोल नाक्यावर मशीन डाव्या बाजूला, आणि इतकं उंच की बेल्ट काढून सीटवर उभं राहून तिकीट घ्यावं लागतं. फ्रान्सच्या मोटरवेवर हे मी किती वेळा केलं ते मोजायचं सोडून दिलं. आमचा सायलेन्सरही डाव्या अंगाला आहे, त्यामुळे उतरताना गरम पाइपावरून पाय टाकायचा आणि तोही वाहत्या ट्रॅफिकच्या बाजूला. पहिल्याच दिवशी पोटरी भाजली, अजून डाग आहे. जीन्स घाला, उन्हाळा असला तरी. सांतांदेर ते पोटेस आम्हाला टोलच लागला नाही.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे विचारून खा, स्पेनमध्ये बटाट्याचा तोर्तिया आणि काब्रालेसचं निळं चीज यांच्यावर भागतं, आल्प्समध्ये फाँड्यू. आम्ही मेतकूट आणि भडंग नेतो, कमी जागेत बसतं.

तर माझा सल्ला असा की गाडी नवी जोडलेली असेल, कार्ब्युरेटरवाली असेल, ग्रुपमधल्या कुणी सलग दोन दिवस अशा गाडीत काढलेले नसतील किंवा कुणाचा व्हिसा लागणार असेल तर स्पेन. गाडी दोन सीझन चाललेली असेल, बारा-तेरा दिवस सुट्टी असेल आणि भिजायची तयारी असेल तर बिनधास्त आल्प्स, आणि मग गालिबिए चुकवू नका.

आम्ही स्वतः यंदा परत स्पेनलाच चाललोय. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, प्लिमथची बोट, पोटेसमध्ये एकाच ठिकाणी चार रात्री, म्हणजे बॅगा खोलीत टाकून रोज रिकाम्या गाडीनं फिरता येतं. बुकिंग करताना बोटवाल्यांना गाडी जमिनीपासून किती वर आहे ते आधी सांगून ठेवा, रॅम्पवर खाली घासते, आम्हाला मागच्या वेळी दोन फळ्या टाकून चढवावी लागली होती.