पावतीवर लिहिलं होतं ‘ऐच्छिक देणगी’

दादा पितो हे कळव्याच्या आमच्या चाळीत कुणाला सांगायची गरज नव्हती. रबाळ्याच्या एमआयडीसीतली नोकरी सुटल्यापासून सकाळी अकरालाच सुरू व्हायचं. मार्चमध्ये कावीळ झाली तेव्हा महिनाभर हात लावला नाही, मग हळूहळू परत. गटारीच्या रात्री त्याने आईच्या अंगावर जेवणाचं ताट फेकलं. सकाळी वहिनी म्हणाली, “भावोजी, आता काहीतरी करा. नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते.”

कळवा स्टेशनबाहेरच्या एका खांबावर स्टिकर होतं. ‘दारू सोडवा. पेशंटला न सांगता. घरून घेऊन जाऊ.’ खाली मोबाइल नंबर. रोज येता-जाता वाचून पाठ झालेला. तोच लावला.

फोनवरची बाई ‘काउन्सेलर’ होती म्हणे. आवाज एकदम गोड. दादा रोज किती पितो, याआधी कधी फिटचा झटका आला होता का, लिव्हरचं काय, यातलं तिने काहीही विचारलं नाही. विचारलं ते हे : घर स्वतःचं आहे का, कमावणारे किती, पैसे कोण भरणार. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाई चौकशी नीट करते असंच वाटलं.

सेंटर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मोकळी हवा, योगा, घरचं जेवण, आसपास बार नाही की वाइन शॉप नाही. महिना १५,००० रुपये, सगळं धरून. निदान तीन महिने ठेवावं लागेल. मेडिक्लेम असेल तर पैसे परत मिळतील. हे शेवटचं ऐकून वहिनीने पाटल्या काढून दिल्या. पुढे पॉलिसीचं पुस्तक उघडलं तर काय वगळलंय त्या यादीत दारू आणि व्यसनांवरचे उपचार सरळ छापलेले. १२ व्या क्रमांकावर.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ईको आली. चार पोरं उतरली आणि दादाला लुंगीवरच उचलून नेलं. तो माझं नाव घेऊन ओरडत होता, पोरगी दारात उभी होती आणि मी त्याच्या चपला हातात घेऊन गाडीमागे चाललो होतो. पैशाचं दुःख आज ना उद्या विसरेन. त्या चपला विसरत नाही.

मग एकेक फोन यायला लागले. ॲडमिशन डिपॉझिट २०,०००. तीन महिने ॲडव्हान्स, ४५,०००. त्या ईकोचे ‘पिकअप चार्ज’ ८,५००. रक्त तपासणी ४,५००. आणि ‘डिटॉक्स किट’ १२,०००, कारण पेशंट फार जुना आहे. चार दिवसांत ९०,००० गेले. ‘सगळं धरून’चं काय झालं विचारलं तर बाई म्हणाली, “दादा, भावाच्या जिवापुढे पैसे बघता का?” यावर कोण काय बोलणार! सगळे यूपीआयने, एका माणसाच्या खासगी खात्यात. संस्थेचं खातं ‘अपडेट होतंय’.

रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. कावीळ होऊन गेलेल्या माणसाचं लिव्हर अगदी ठणठणीत. वय २७. माझा भाऊ ४४ वर्षांचा आहे. मी फोन केला, तर टायपिंगची चूक म्हणाले. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर घरात शांतता होती, आई दुपारची झोपत होती, आणि ती शांतता मला मोडायची नव्हती. आमच्यासारख्यांच्या याच शांततेवर यांचा धंदा चालतो.

भेटायला ४५ दिवस बंदी. “पेशंट रडेल, मारतात म्हणून सांगेल, विश्वास ठेवू नका, व्यसनी माणूस खोटंच बोलतो.” म्हणजे तक्रार येण्याआधीच ती खोटी ठरवून झाली.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिथून नुकताच सुटलेला डोंबिवलीचा एक मुलगा. एवढंच बोलला, “काका, तुमच्या भावाला घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. ठाण्यात गोविंदांचे ट्रक फिरत होते, आणि वहिनी आणि मी कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसलो होतो. पुढे रिक्षा, मग चिखलातून पायी. मोबाइलला रेंज नाही. फार्महाऊसमागे पत्र्याची शेड, त्यात चाळीसेक माणसं, सगळ्यांची डोकी भादरलेली. खिडक्यांना बाहेरून कड्या. दादा चुलीपाशी डाळ ढवळत होता. याला तिथे ‘सेवा’ म्हणतात. जिभेच्या कडेला दातांची खूण होती. नेल्याच्या दुसऱ्या रात्री त्याला झटका आला होता. नाटक करतोय म्हणून थोबाडीत दिली होती. डॉक्टर? बावीस दिवसांत दादाने एकही पाहिला नव्हता. १२,००० चं किट म्हणजे व्हिटॅमिनच्या दोन स्ट्रिपा आणि झोपेच्या गोळ्या.

दोन दिवसांनी दादाला घेऊन ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. हे रुग्णालय १९०१ पासून तिथे आहे, माझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि मी भावाला मुरबाडच्या डोंगरात पाठवलं होतं. का, तर ‘तिथे’ नेलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील. डॉक्टरांनी समजावून सांगितलं : रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढायचा, औषध ठरावीक मात्रेत देऊन हळूहळू कमी करायचं, बी-वन व्हिटॅमिन द्यायचं. याच आठवड्याच्या नावाखाली आमच्याकडून ‘डिटॉक्स किट’चे १२,००० घेतले होते.

सेंटरच्या भिंतीवर फ्रेममध्ये दोन सर्टिफिकिटं होती. एक ट्रस्टच्या नोंदणीचं, दुसरं लघुउद्योगांसाठीच्या ‘उद्यम’ नोंदणीचं. ही पापडाच्या कारखान्यालाही मिळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि असे रुग्ण दाखल करून घ्यायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती तिथे नव्हती. रुग्णाची तयारी नसताना ठेवायचं असेल तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही आधी ३० दिवसांपुरतंच. बायकोची सही पुरत नाही. सक्तीने डोकं भादरायलाही याच कायद्यात मनाई आहे. नोंदणीशिवाय चालवताना पहिल्यांदा सापडलं तर दंड ५,००० ते ५०,००० रुपये. आमच्या एकट्याकडूनच त्यांनी ९०,००० घेतले होते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा खरी मेख कळली. सेंटरच्या साहेबांनी आमच्याच पावत्या आमच्यापुढे ठेवल्या. पाचही पावत्यांवर बारीक अक्षरात : ‘ऐच्छिक देणगी. परत मिळणार नाही.’ उपचार, औषध, फी, यातला एकही शब्द नाही. “आम्ही तुमच्याकडून फी घेतलीच कुठे?” पावत्या आल्या तेव्हा मी फक्त रक्कम बघितली होती.

पोलिसांनी अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. आमच्या बाजूने पावत्यांपेक्षा बाईचे व्हॉट्सॲप मेसेज जास्त कामाला येतायत, ज्यात ‘डिटॉक्स किटचे १२,००० पाठवा’ असं स्वच्छ लिहिलंय. म्हणून सांगतो, फोनवर काही ठरवू नका, लिहून मागा. पैसे देण्याआधी पावतीचा नमुना मागा. प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा, आणि डॉक्टर कोण, कोणत्या वारी येतो ते विचारा. आधी एकदा न सांगता जाऊन या. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मला ती खांबावर कुठे दिसली नाही.

दादा ओपीडीत जातो. मधे दोनदा घसरला. संध्याकाळी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला बसतो, तिथे फी नसते. माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

फोन करणाऱ्या त्या डोंबिवलीच्या मुलाच्या आईला परवा भेटलो. रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने पावत्या काढून दाखवल्या. सात होत्या. सगळ्या देणगीच्या.