स्पूरचा एकसंध स्कोप माउंट: नऊ महिने आणि साधारण अकराशे गोळ्यांनंतर

गेल्या वर्षी डॅलसजवळच्या रेंजवर १०० यार्डांचा झिरो, म्हणजे त्या अंतरावर नेम धरू तिथेच गोळी लागते का, ते तपासायला बसलो. तीन गोळ्यांचा गट छान जमला, पण ठरल्या जागेच्या ०.४ मिल खाली (मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर एक मिल म्हणजे साधारण ३.६ इंच). झिरो पुन्हा लावला. साठ-सत्तर गोळ्या झाल्या आणि पुन्हा तेच. आधी काडतुसांवर संशय घेतला, मग बॅरलवर, मग स्वतःच्या श्वासावर. शेवटी बायकोचं नेलपॉलिश घेऊन स्कोपची, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची, नळी आणि ती पकडणारी रिंग अशा दोन्हींवरून जाणारी एक बारीक लाल रेघ ओढली. पुढच्या वेळी गोळ्या झाडून झाल्यावर टॉर्च धरून पाहिलं, तर रेघ तुटलेली. नळीवरचा तुकडा कागदाच्या जाडीएवढा पुढे सरकला होता.

गोळी सुटली की रायफल मागे येते आणि स्कोप स्वतःच्या वजनामुळे जागीच राहू पाहतो. रिंगांची पकड कच्ची असेल तर दर गोळीला तो केसभर पुढे जातो. स्कोपवर दीड हजार डॉलर खर्च केले होते आणि रिंगा घेतल्या होत्या साठ डॉलरच्या. त्या कोणाच्या होत्या ते सांगत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती. बोल्ट मी अंदाजाने आवळले होते.

दुसरी अडचण पल्ल्याची. माझी रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, वरची रेल (स्कोप जिच्यावर बसवतात ती खाचांची पट्टी) सपाट, स्कोप ३० मिमी नळीचा. स्कोपचा नेम वर-खाली सरकवायचा एकूण प्रवास १८ मिल, म्हणजे मध्यापासून वर ९. रेल आणि बॅरल कधीच अगदी समांतर नसतात, त्यात एक मिल गेला. राहिले ८. माझ्या गोळीला १००० यार्डांवर साधारण साडेआठ मिल लागतात. टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायची स्कोपवरची चकती, फिरवत गेलो की ऐन मोक्याला अडायचा, आणि उरलेलं रेटिकलवर, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघांवर, मोजून धरावं लागायचं.

म्हणून पुढे झुकलेला एकसंध माउंट घ्यायचं ठरवलं, म्हणजे ज्यात दोन्ही रिंगा एकाच पायावर असतात आणि स्कोपचं पुढचं टोक जरा खाली झुकतं. स्पूर ही स्वीडिश कंपनी. त्यांच्या ३० मिमीच्या माउंटमध्ये ६ मिलचा उतार असलेला प्रकार मिळतो, म्हणजे २०.६ एमओए (कोनाचंच दुसरं माप). तो घेतल्यावर वरचा प्रवास ८ वरून १४ मिल झाला. खाली चारेक मिल उरले, आणि १०० यार्डांचा झिरो लावायला तेवढे पुरतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. माउंट मागवण्याआधी आपल्या रेलवर किती उतार आहे ते बघा. रुगर प्रिसिजन रायफलवर कारखान्यातूनच २० एमओएची रेल येते. तिच्यावर आणखी ६ मिलचा माउंट चढवला तर उतार जवळपास १२ मिल होतो. माझ्यासारखा १८ मिलचा स्कोप असेल तर टरेट तळाला टेकेल, तरी १०० यार्डांवर झिरो लागणार नाही. पैसे खर्च करून कमी अंतरासाठी निरुपयोगी झालेली रायफल घरी आणाल. हा हिशोब कागदावर दोन मिनिटांत होतो.

माउंटच्या उंचीचं गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाच्या घंटेचा, म्हणजे स्कोपच्या फुगीर तोंडाचा, बाहेरचा व्यास मोजा आणि निम्मा करा. माझ्या ५० मिमी भिंगाच्या स्कोपला घंटा बाहेरून ५७ मिमी, म्हणजे निम्मं साडेअठ्ठावीस. मी ३८ मिमी उंचीचा घेतला, म्हणजे घंटा बॅरलला टेकत नाही. स्कोप बॅरलच्या जितका जवळ तितका चांगला, असं मला पूर्वी सांगितलं गेलं होतं. पण या उंचीमुळे पालथं पडून नेम धरताना मान आता ताठ करावी लागत नाही आणि लाकडी अडथळ्यावरून मारतानाही डोकं सरळ राहतं. गालाचा टेकू मात्र बोटभर वर घ्यावा लागला. ज्यांच्या दस्त्याचा टेकू वर-खाली होत नाही, त्यांनी कमी उंचीचा बघावा.

बसवायला अख्खी एक संध्याकाळ दिली. रेलवर ठेवल्यावर माउंट बॅरलच्या तोंडाकडे दाबून धरायचा, खालची आडवी पट्टी खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकली पाहिजे, आणि मगच आवळायचं. दर रिंगेला सहा स्क्रू. सगळे स्पिरिटने पुसून कोरडे केले, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क (आवळायचा जोर) जास्त दाब देतो आणि नळी चेपते. मग टॉर्क रेंचने आलटून पालटून, थोडं थोडं. स्कोपच्या कंपनीने १५ ते १८ इंच-पौंड सांगितले होते. मी १५ वर थांबलो.

रेटिकल सरळ करायला गॅरेजच्या दारात ओळंबा सोडला. गावी घर बांधताना गवंडीकाका भिंतीला लावायचे तोच. पांढरी दोरी स्थिर व्हायची वाट पाहायची आणि रेटिकलची उभी रेघ तिच्यावर आणायची. माउंटला मागे पाण्याचा बुडबुडा आहे, नेम धरल्या धरल्या नजरेच्या कोपऱ्यात दिसतो. माझ्यासाठी या माउंटची खरी किंमत या बुडबुड्यात आहे. रायफल एका अंशाने कलली तर १००० यार्डांवर गोळी पाचेक इंच बाजूला जाते, आणि उतारावर पडून असताना एक अंश डोळ्याला कळत नाही. कित्येक चुकलेल्या गोळ्या मी वाऱ्याच्या नावावर लिहिल्या होत्या.

घरचे फोनवर विचारतात, दुर्बीण लावली की नेम सोपा नाही का? पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेंच्या रायफलवर मोठं करून दाखवणारं भिंग नव्हतं, हे खरंच आहे. पण लांब पल्ल्याचा हा खेळ वेगळा. इथे निम्मं काम वारा आणि अंतर ओळखण्याचं.

नऊ महिन्यांत दर सत्राची पहिली गोळी १०० यार्डांवर मारून वहीत नोंद केली. ०.१ मिलपेक्षा जास्त फरक एकदाही नाही. एप्रिलमध्ये अमरिलोमार्गे नऊ तास गाडी चालवून न्यू मेक्सिकोत रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजी केंद्राला गेलो. उतरल्यावर झिरो जिथल्या तिथे. तिथे ११०० यार्डांच्याही पलीकडे पांढऱ्या गव्याचं पोलादी लक्ष्य आहे. टरेट नऊ मिलच्या पुढे गेला, न अडता. चौथ्या गोळीला टण्ण आवाज आला, चार-पाच सेकंदांनी, आणि मी बराच वेळ गालाचा टेकू सोडला नाही.

किंमत चारशे डॉलरच्या वर आहे, ती जाणवते. रेंज २०० यार्डांची असेल तर हा खर्च करू नका; चांगल्या रिंगा आणि टॉर्क रेंच पुरे. स्कोप वारंवार एका रायफलवरून दुसरीवर नेणाऱ्यांना खटक्याने निघणारा माउंट सोयीचा. आणि स्पूरसोबत रेटिकल सरळ करायला एक पाचर येते, ती टरेटखालच्या सपाट तळाला टेकवायची असते. काही स्कोपांचा तळ तिथे गोल असतो, त्यांना पाचरीचा उपयोग नाही. मागवण्याआधी आपला स्कोप उलटा करून बघा. गोल असेल तर ओळंबा आणून ठेवा.