उतारा-पट्टी संच : पट्ट्या कामाच्या, उतारे एकाच साच्याचे

शिष्यवृत्ती आणि नवोदय प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांशेजारी सध्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत उतारा-पट्ट्यांचा संच दिसतो. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात तो 340 रुपयांना मिळाला. आत 30 उतारा-कार्डं, प्रत्येक कार्डाच्या पाकिटात त्याच उताऱ्यातल्या वाक्यांच्या सुट्या पट्ट्या, छत्रीचं चित्र असलेला तक्ता आणि शिक्षकांसाठी 16 पानी पुस्तिका. चौथी ते सहावीच्या मुलांना उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना शोधता यावी, हा हेतू. घ्यावा, पण आहे तसा वर्गात नेऊ नये.

आधी चांगलं. पट्ट्यांची कल्पना खरंच मोलाची आहे. गाईडमधला उतारा मूल वाचतं आणि खालच्या पर्यायांवर अंदाजाने खूण करतं. इथे वाक्य हातात येतं आणि त्याला कुठेतरी जागा द्यावीच लागते. चार मुलांचा गट करायचा, उतारा एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचायचा, मग एकेक पट्टी उचलून विचारायचं: बाकीची वाक्यं याला आधार देतात, की हे बाकीच्यांना आधार देतं? आधार घेणारं, म्हणजे मुख्य वाक्य छत्रीच्या कापडावर, देणारी काड्यांवर, कुठेच न बसणारं तक्त्याबाहेर. पहिल्या आठवड्यात एका कार्डाला अख्खी तासिका लागते. हात बसला की 15-20 मिनिटांत होतं. मुलं पट्टीवरून भांडतात, ते भांडू द्यावं. ‘हे काडीवर का?’ याचं उत्तर देतानाच त्यांना उतारा कळत असतो.

आता अडचण. 30 पैकी 24 उताऱ्यांत मुख्य वाक्य पहिलंच आहे. पाचव्या-सहाव्या कार्डापर्यंत मुलांना ही गोम कळते आणि मग वाचायच्या आधीच पहिली पट्टी छत्रीवर जाते. त्यात पट्ट्यांच्या मागे वाक्यांचे क्रमांक छापलेत, म्हणजे उलटून पाहिलं की काम झालं. क्रमांकावर कागद चिकटवून फक्त कार्डाचा आकडा लिहावा, नाहीतर पाकिटं एकमेकांत मिसळतात.

नवोदयच्या भाषा विभागात 4 उतारे, 20 प्रश्न आणि साधारण 30 मिनिटं. तिथे मुख्य वाक्य शेवटी असतं, मध्ये असतं, कधी लिहिलेलंच नसतं. या न लिहिलेल्या प्रकाराचं संचात एकही कार्ड नाही. तो उतारा शिक्षकांनाच लिहावा लागेल, आणि तो मुलांच्या जवळच्या परिसरावरचा असावा. उदाहरणार्थ:

‘पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. धरणाला 27 दरवाजे आहेत. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळतं. छत्रपती संभाजीनगरच्या नळांना इथलंच पाणी येतं. धरणाच्या नाथसागर जलाशयात मासेमारी चालते. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात.’

बहुतेक मुलं ‘गोदावरीवर धरण आहे’ हे पहिलं वाक्य उचलतील. काही ‘27 दरवाजे’ म्हणतील, कारण आकडा लक्षात राहतो. दोन्ही चुका वेगळ्या आहेत आणि त्यांवरचा उपायही वेगळा. पहिल्या गटाला विचारावं, ‘धरण आहे’ एवढ्यात मासेमारी आणि पक्षी येतात का? दुसऱ्या गटाला ते वाक्य झाकून उरलेलं वाचायला लावावं. दरवाजे गेले तरी उताऱ्याचं काही बिघडत नाही, म्हणजे तो तपशील. मग उरलेल्या पट्ट्यांमध्ये समान काय ते शोधायचं आणि कोऱ्या पट्टीवर आठ-दहा शब्दांत लिहायचं: ‘जायकवाडीच्या पाण्यावर माणसं, शेती आणि पक्षी सगळेच अवलंबून आहेत.’ संचात कोऱ्या पट्ट्या नाहीत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या कापून घ्याव्यात.

पुस्तिकेत तर मोठीच चूक आहे: विषय आणि मध्यवर्ती कल्पना एकच मानलीत. ‘जायकवाडी’ हा विषय, एका शब्दात संपतो. मध्यवर्ती कल्पना पूर्ण वाक्यातच सांगता येते, कारण त्या विषयाबद्दल काय म्हणायचंय ते तिथे यावं लागतं. पुस्तिकेतल्या नमुना उत्तरांत ‘पाणी’, ‘झाडांचे महत्त्व’ अशी शीर्षकं आहेत. ती मुलांना दाखवू नयेत.

उताऱ्यांतलं जग मुंबई-कोकणाकडचं आहे: लोकल, भरती-ओहोटी, नारळाच्या वाड्या. घरी गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलाला एकाच उताऱ्यात पाच-सहा शब्द अडले, तर कल्पना शोधायला डोकं मोकळं राहत नाही. असे शब्द आधी फळ्यावर घेऊन बोलावेत, किंवा ती कार्डं बाजूला ठेवून सोयाबीनची काढणी, हुरडा, टँकरची फेरी यांवर सहा-सहा वाक्यं लिहावीत. आणि जे मूल अजून अक्षर लावत वाचतंय, त्याच्या हाती पट्टी देऊन उपयोग नाही. त्याला उतारा वाचून दाखवावा आणि छत्रीवर काय ठेवायचं ते तोंडी विचारावं.

कागद पातळ आहे. पंखा लावला की पट्ट्या वर्गभर होतात, म्हणून लॅमिनेशन करावंच लागतं. तो खर्च किमतीत धरून चला. शिवाय प्रत्येक कार्डाची एकच प्रत असते. पाच गटांना पाच वेगळे उतारे गेले तर शेवटी सगळ्यांनी मिळून बोलता येत नाही. एका उताऱ्याच्या पाच झेरॉक्स काढाव्यात आणि त्या कापायचं काम मुलांवरच सोपवावं. कापता कापता उतारा दोनदा वाचून होतो.